एच कुठून मोजायचा, ते आधी सांगा

"५ किलोग्रॅम वस्तुमानाची एक वस्तू १० मीटर उंचीवर आहे. तिची स्थितिज ऊर्जा काढा."

नववीच्या विज्ञानात 'कार्य आणि ऊर्जा' सुरू झालं की असल्या गणितांची रांग लागते. सूत्र एमजीएच, म्हणजे वस्तुमान एम गुणिले गुरुत्वत्वरण जी गुणिले उंची एच: पाच गुणिले नऊ पॉइंट आठ गुणिले दहा, उत्तर ४९० ज्यूल, खाली दोन रेघा, पुढचं गणित. माझ्या भाचीने असं पान भरून ठेवलं होतं आणि सगळी उत्तरं बरोबर होती. मी एवढंच विचारलं, "दहा मीटर कुठून?" तिने माझ्याकडे असं बघितलं की मामाला आता आराम हवा.

पण माझा धंदाच हा आहे. मी कंत्राटदाराकडे लेव्हल घेतो, म्हणजे जागेची उंची-खोली मोजतो. ऑटो लेव्हल स्टँडवर चढवायची, बुडबुडा मधोमध आणायचा, पोऱ्याला स्टाफ, म्हणजे आकडे मारलेली उभी पट्टी, सरळ धरायला दहादा ओरडायचं, बेंचमार्कवर, म्हणजे उंची आधीच ठरलेल्या खुणेवर, पहिली नोंद (बॅकसाइट) घ्यायची आणि मग पुढच्या जागांच्या नोंदी (फोरसाइट) घेत प्लॉटभर फिरायचं. आमच्याकडे कुणी नुसतं "स्लॅब दहा मीटरवर आहे" म्हणालं तर त्याला कुणी उत्तरसुद्धा देत नाही. दहा मीटर प्लिंथपासून (जोत्यापासून), रस्त्याच्या मध्यापासून, की गेटजवळच्या खांबावर लाल रंगाने मारलेल्या टीबीएमपासून, म्हणजे तात्पुरत्या बेंचमार्कपासून? शून्य कुठे ते ठरल्याशिवाय लेव्हल बुकात आकडा चढत नाही. शाळेत मात्र एच आकाशातून पडतो आणि मुलं तो झेलून सूत्रात टाकतात.

मुंबईत तर शून्याचा घोळ आणखी मजेशीर आहे. महापालिकेला सादर होणाऱ्या नकाशांवर लेव्हलपुढे 'टीएचडी' लिहिलेलं असतं, म्हणजे टाउन हॉल डेटम; डेटम म्हणजे मोजणीचा ठरलेला शून्य. फोर्टातला तो उंच पायऱ्यांचा, खांबांचा टाउन हॉल, १८३३ मध्ये बांधून झालेला, आज एशियाटिक सोसायटीचं ग्रंथालय आहे ना, त्याच्या नावाने शहराची उंची मोजली जाते. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत सखल जमिनीसाठी अट होती: जमिनीची पातळी निदान २७.५५ मीटर टीएचडी हवी, किंवा भरतीच्या पातळीहून अर्धा मीटर वर, यांत जे जास्त असेल ते. नवीन आलेला डिप्लोमावाला पोरगा हा आकडा पाहून हमखास दचकतो. साडेसत्तावीस मीटर म्हणजे नऊ मजले! आणि प्लॉट तर खाडीला लागून, पावसाळ्यात घोटाभर पाण्यात. दचकायचं कारण नाही, टीएचडीचा शून्य समुद्रसपाटीच्याही वीस मीटरहून खाली धरलेला आहे. त्यामुळे शहरातल्या कुठल्याही लेव्हलपुढे उणे चिन्ह येत नाही आणि हिशेब सोपा जातो.

दुसरा शून्य रेल्वेचा. लांब पल्ल्याच्या स्टेशनांवर पिवळ्या पाटीच्या खाली 'समुद्रसपाटीपासून उंची' लिहिलेली असते, तो सरासरी समुद्रपातळीचा. आणि तिसरा शून्य जुलैत रोज बातम्यांत ऐकायला मिळतो: "आज दुपारी साडेचार मीटरहून मोठी भरती." लोकांना वाटतं समुद्र दीड मजला वर चढणार. हे साडेचार मीटर मोजतात ते ओहोटीच्या तळाजवळच्या पातळीपासून. सरासरी समुद्रपातळीच त्या शून्याच्या सुमारे अडीच मीटर वर असते, म्हणजे साडेचारची भरती ही सरासरीहून साधारण दोन मीटर वर. पाणी तेच, पण आकडा कुठला शून्य धरला त्यावर. दादरजवळच्या हिंदमाताला पाणी तुंबायचं ते तुंबतंच.

आता एमजीएच कडे येऊ. मुरूमखडीचा विषय काढला की भाची जांभया देते, म्हणून सिमेंटची गोणी घेतली. ५० किलोची. तिला जमिनीवरून चौथ्या स्लॅबवर न्यायची, जमीन २८.१० टीएचडी, स्लॅब ४०.१० टीएचडी. जमिनीला शून्य म्हटलं तर एच १२ मीटर आणि ५० गुणिले ९.८ गुणिले १२, म्हणजे ५,८८० ज्यूल. टाउन हॉलचा शून्य धरला तर तीच गोणी स्लॅबवर १९,६४९ ज्यूल बाळगून बसलेली आहे. केवढा फरक! पण गोणी खाली जमिनीवर होती तेव्हाही या हिशेबाने तिच्याकडे १३,७६९ ज्यूल होतेच. वजाबाकी करा: ५,८८०. हमालाने, होइस्टने, कुणीही वर चढवताना जी मेहनत केली ती एवढीच, आणि तिला टाउन हॉलशी काही देणंघेणं नाही.

"मग १९,६४९ ही चूक?" भाचीने विचारलं.

चूक नाही. अर्धवट आहे. एका जागेची स्थितिज ऊर्जा सांगायची तर शून्यही सांगायला हवा, आणि दोन जागांमधला फरक सांगायचा तर शून्य कुठलाही चालतो, फक्त मध्येच बदलायचा नाही. आमच्या कामात सगळ्यात महागड्या चुका होतात त्या याच ठिकाणी. आर्किटेक्टचा नकाशा टीएचडीवर, पाइपलाइनवाल्याचा समुद्रसपाटीवर, आणि दोघांनी एकमेकांचे आकडे विश्वासाने वापरलेले.

याच एचवरून आमच्या सोसायटीत झालेली एक मीटिंग सांगतो, कारण त्या दिवशी नववीचं भौतिकशास्त्र गच्चीवर अक्षरशः भांडत होतं. भांडुपला सात मजली बिल्डिंग. कॉमन लाइटबिल वाढलं होतं. तिसऱ्या मजल्यावरच्या एका काकांनी ठराव मांडला की पाण्याच्या पंपाची वीज मजल्याप्रमाणे वाटावी, जितका वरचा मजला तितका मेंटेनन्स जास्त. "वर पाणी चढवायला जास्त वीज लागते, हे शास्त्र आहे," असं वर. आम्ही सातव्या मजल्यावर. बायकोने मला कोपराने ढोसलं.

ऐकायला काकांचं म्हणणं अगदी रास्त. एच जास्त तर एमजीएच जास्त. पण पाणी जातं कुठे ते बघा. पालिकेचं पाणी येतं ते जमिनीखालच्या टाकीत. तिथून पंप ते थेट गच्चीवरच्या टाकीत टाकतो. सगळं. काकांच्या तिसऱ्या मजल्याचं, तळमजल्यावरच्या किराणावाल्याचं, वॉचमनच्या मोरीचं, सगळ्यांचं पाणी आधी गच्चीवर चढतं आणि मग आपापल्या मजल्याला खाली उतरतं. म्हणजे पंपाच्या दृष्टीने प्रत्येक बादलीचा एच एकच आहे. बादली कुणाच्या घरात रिकामी झाली याचा पंपाला पत्ताही नसतो.

मग सेक्रेटरींनी मोबाइल काढला आणि एच मांडला: सात मजले गुणिले दहा फूट. मी म्हटलं, थांबा, पाणी काय तळमजल्याच्या लादीवरून उचलताय? खालच्या टाकीत पाण्याची पातळी जमिनीच्या दोनेक मीटर खाली असते. आणि वरची टाकी जिन्याच्या खोलीच्या डोक्यावर आहे, पाणी तिच्या तोंडातून पडतं, तळातून नाही. खालच्या पाण्यापासून वरच्या तोंडापर्यंत आमच्याकडे २९ मीटर भरतात. खालची टाकी रिकामी होत जाते तसा एच वाढतो, पण ते सोडून देऊ. रोजचं पाणी वीस हजार लिटर धरलं तर वीस हजार किलो गुणिले ९.८ गुणिले २९, म्हणजे सुमारे सत्तावन्न लाख ज्यूल.

सत्तावन्न लाख म्हटल्यावर काकांचे डोळे चमकले. मग सांगितलं की विजेचं एक युनिट म्हणजे छत्तीस लाख ज्यूल. अख्ख्या बिल्डिंगचं दिवसभराचं पाणी गच्चीवर चढवायला निव्वळ लागतात दीड-पावणेदोन युनिट. आमचा पंप जुना, पाइपात गंज, मोटर तापते, त्यात निम्म्याहून जास्त वीज वाया जाते असं धरलं तरी साडेतीन-चार. महिन्याला शंभर-सव्वाशे युनिट, सगळ्या घरांत मिळून. बिल वाढलं होतं त्याचं कारण शोधायचं तर गच्चीवर आणि पार्किंगमध्ये दिवसाढवळ्या जळणारे दिवे आधी बघा.

खरी गंमत पुढे आहे. नळाला जोर किती, हे ठरतं गच्चीच्या टाकीतलं पाणी नळापेक्षा किती वर आहे त्यावर. सातव्या मजल्याच्या शॉवरच्या वर टाकी जेमतेम दोन-तीन मीटर. म्हणून आमच्या शॉवरला धार करंगळीएवढी. तळमजल्याच्या नळावर वीस-पंचवीस मीटरचा पाण्याचा उभा खांब असतो, तिथे नळ उघडला की बादलीतलं पाणी तोंडावर उडतं, वॉशर महिन्यागणिक जातात. पंपाने चढवलेली ऊर्जा खाली येताना पाइपात घासून, नळातून फवारून तिथेच खर्ची पडते. म्हणजे पैसे सगळ्यांनी सारखे भरले आणि चढावाचा फायदा मिळाला खालच्यांना. मी म्हटलं, मजल्याप्रमाणेच वाटायचं असेल तर आम्हाला सूट द्या. ठराव बारगळला. काका अजून लिफ्टमध्ये माझ्याशी बोलत नाहीत.

लिफ्टचं नाव निघालंच आहे तर सांगतो. लिफ्टमध्ये एकटा माणूस वर जाताना मोटर त्याला उचलते असं सगळ्यांना वाटतं. लिफ्टच्या दोराच्या दुसऱ्या टोकाला वजन लावलेलं असतं, रिकाम्या डब्याएवढं अधिक पूर्ण भाराच्या जवळपास निम्मं. डब्यात काका एकटेच असले तर पलीकडचं वजन जड असतं. ते खाली उतरतं, काका वर जातात, आणि मोटरचं काम त्यांना आवरून धरण्याचं. काकांची स्थितिज ऊर्जा वाढली, वजनाची त्याहून जास्त घटली. एकाचाच एमजीएच मांडून लिफ्टचं बिल काढणाऱ्याला उत्तर कधीच जुळणार नाही.

पंपाचं गणित उलटं फिरवलं की खोपोली. लोणावळ्याकडे घाटमाथ्यावर टाटांनी तलाव बांधले, तिथलं पाणी नळांतून घाट उतरवून खोपोलीच्या वीजघरात चक्रांवर सोडलं, आणि १९१५ पासून ती वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. उतार पाचशे मीटरहून जास्त. नुसते पाचशे धरा: एका लिटरमागे ४,९०० ज्यूल. एका युनिटला छत्तीस लाख लागतात, म्हणजे काहीही वाया गेलं नाही असं मानलं तरी सातशे पस्तीस लिटर पाणी. प्रत्यक्षात त्याहून जास्त. गिरणगावात माझे आजोबा साच्यावर, म्हणजे मागावर, उभे राहायचे, त्यांच्या साच्यामागे घाटातून कोसळणारं पाणी होतं हे त्यांना कुणी सांगितलं असेल की नाही कोण जाणे. इथेही एच कुठपर्यंत मोजायचा ते बघा: चक्रावर पाणी आदळतं तिथपर्यंत. वीजघर समुद्रापेक्षा वर आहे, तिथून पाणी पुढे पाताळगंगेतून समुद्राकडे उतरतंच, पण ती उतरण खोपोलीच्या विजेत धरायची नाही. ती पाताळगंगेची.

आता वस्तू पडते तेव्हाचं. चौथ्या स्लॅबवरून, १२ मीटरवरून, गोणी सुटली. वरचा सगळा एमजीएच खाली येईपर्यंत अर्धा एम व्ही स्क्वेअर, म्हणजे वेगामुळे (व्हीमुळे) येणारी गतिज ऊर्जा, झाला. दोन्हीकडे एम आहे, तो उडाला. उरलं व्हीचा वर्ग बरोबर दोन जी एच. दोन गुणिले ९.८ गुणिले १२ म्हणजे २३५.२, त्याचं वर्गमूळ १५.३. सेकंदाला पंधरा मीटर, ताशी ५५ किलोमीटर. गोणीऐवजी शंभर ग्रॅमचा नट सुटला तरी ताशी ५५ च. हवेचा विरोध सोडून देऊन म्हणतोय, बारा मीटरला तेवढं चालतं. मात्र जमिनीवर पोचताना गोणीकडे ५,८८० ज्यूल असतात आणि नटाकडे पावणेबारा. तरी नट डोक्यात टोकाने बसला तर पावणेबाराही पुरतात, म्हणून हेल्मेट.

एच दुप्पट केला म्हणून वेग दुप्पट होत नाही, हे मुलांना पटायला वेळ लागतो. २४ मीटरवरून पडलं तर ताशी ७८. वेग दुप्पट, म्हणजे ताशी ११०, हवा असेल तर ४८ मीटर चढावं लागेल. उंची चौपट, वेग दुप्पट. सूत्रात वर्ग आहे त्याचा हा अर्थ.

एम उडतो याचा सगळ्यात देखणा उपयोग मला बोरघाटात दिसतो. १८६३ मध्ये सुरू झालेली ती रेल्वेची चढण, सदतीस फूट पुढे गेलं की एक फूट वर. इतक्या उतारावर गाडीचे ब्रेक गेले तर? त्यासाठी घाटात अधूनमधून मुख्य मार्गापासून फुटून डोंगराकडे वर चढणारे आंधळे रूळ आहेत, कॅच सायडिंग म्हणतात. बेफाम सुटलेली गाडी त्यावर वळवायची आणि डोंगरालाच ती थांबवू द्यायची. गाडी ताशी ६० ने आली तर किती उंच चढून थांबेल? वेग सेकंदाला १६.७ मीटर, त्याचा वर्ग भागिले दोन जी, म्हणजे सुमारे १४ मीटर. चाकांचं घर्षण आणि सायडिंगमधली वाळू मदतीला येते, म्हणजे त्याहूनही कमी. डबे किती, माल काय, इंजिनं किती, काही विचारायची गरज नाही. एच सायडिंगच्या तोंडापासून मोजायचा. लोणावळ्याची पाटी तिथे काय सांगते, याच्याशी त्या गाडीला कर्तव्य नाही.

दहीहंडीचंही भाचीने काढलं, आमच्या नाक्यावरच हंडी लागते. २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने वीस फुटांची मर्यादा घातली होती, २०१७ मध्ये ती उठली. वीस फूट म्हणजे ६.१ मीटर, तिथून थेट जमिनीवर पडलं तर ताशी ३९. आता यात लागतं किती, ते ठरतं थांबायला किती अंतर मिळालं त्यावर. एमजीएचएवढी ऊर्जा कुणीतरी बल गुणिले अंतर करून शोषायची असते. डांबरावर शरीर पाच सेंटिमीटरात थांबलं तर बल वजनाच्या शंभरपटीहून जास्त. जाड गादीवर अर्ध्या मीटरात थांबलं तर बारा-तेरा पट. वरचा गोविंदा बहुतेकदा खालच्या थरांच्या खांद्यांवर, हातांवर कोसळतो, म्हणून त्याचा एच हंडीइतका नसतो. त्याची ऊर्जा कमी होते ती खालच्यांच्या हाडांत जाते. खालच्यांचा हिशेब कुणी मांडत नाही.

इथपर्यंत एच. पण व्हीचंही तेच दुखणं आहे, आणि ते पुस्तकात फार हळूच येतं. वेग कुणाच्या मानाने?

फास्ट लोकल ताशी ९० ने पळतेय. सेकंदाला २५ मीटर. आत ६० किलोचा माणूस सीटवर डुलक्या घेतोय. शेजाऱ्याच्या मानाने त्याची गतिज ऊर्जा शून्य. प्लॅटफॉर्मवर उभ्या असलेल्याच्या मानाने अर्धा गुणिले ६० गुणिले ६२५, म्हणजे १८,७५० ज्यूल. दोघांचंही बरोबर. फक्त दारात लटकणाऱ्याने कुठला आकडा लक्षात ठेवायचा, तर रुळाशेजारच्या खांबाच्या मानाने जो आहे तो. तेवढा वेग यायला किती एचवरून पडावं लागेल ते काढून बघा: ६२५ भागिले १९.६, म्हणजे सुमारे ३२ मीटर. ताशी ९० च्या गाडीच्या दारातून बाहेर झुकलेला माणूस आणि दहाव्या मजल्यावरून सुटलेला माणूस, खांब दोघांना सारखाच मोजतो. सुटी असताना सातव्या मजल्याच्या कठड्यावर बसलो तर बायको ओरडते. तीच बायको सकाळी ८.१२ ला "दारातलं तरी मिळालं ना?" म्हणते. दादरला गाडी थांबायच्या आधी उतरणाऱ्यांचंही करून बघितलं. ताशी १८ म्हटलं तर सव्वा मीटर. टेबलावरून उडी मारल्यासारखंच. म्हणूनच रोज हजारो लोक उतरतात आणि वाचतात. ताशी ३६ झाली की पाच मीटर होतात, आणि डोळ्याला तो फरक कळत नाही.

भाचीने इथे मला पकडलं. म्हणाली, "मामा, स्थितिज ऊर्जेत शून्य बदलला तरी फरक तोच राहतो म्हणालास. गतिज ऊर्जेतही तसंच?" मी खूश झालो, कारण इथे उत्तर 'नाही' असं आहे आणि फार थोडे लोक तिथवर येतात.

एक किलोची पाण्याची बाटली. चालत्या गाडीत कुणी ती पुढच्या मित्राकडे सेकंदाला पाच मीटरने फेकली. गाडीतल्या माणसाच्या हिशेबात बाटलीची ऊर्जा शून्यावरून साडेबारा ज्यूल झाली. प्लॅटफॉर्मवरच्याच्या हिशेबात बाटलीचा वेग २५ वरून ३० झाला, म्हणजे ३१२.५ वरून ४५०, वाढ १३७.५. बाटली एक, फेकणारा एक, दंडाची मेहनत एक. मग सव्वाशे ज्यूल जास्तीचे आले कुठून? फेकताना माणूस पायाने गाडीच्या फरशीला मागे ढकलतो आणि फरशी त्याला पुढे. ती फरशी सेकंदाला पंचवीस मीटरने पळतेय, त्यामुळे प्लॅटफॉर्मवरून पाहिलं तर तो रेटा गाडीने काम करून दिलेला दिसतो. बाटलीचा संवेग, म्हणजे वस्तुमान गुणिले वेग, पाचने वाढला, गुणिले २५, बरोबर १२५. गाडीच्या मोटरने मुकाट्याने भरले. ज्याच्या पायाखाली गाडी आहे त्याला हे बिल दिसतच नाही. भाचीने हे दोनदा मांडून पाहिलं आणि मग वहीत चौकट केली, जी ती सहसा करत नाही.

मग ती मागे लागली, की शून्य कुठेही धरता येतो तर वरच्या टोकाला धरला तर? चौथ्या स्लॅबला शून्य म्हटलं तर जमिनीवरची गोणी उणे ५,८८० ज्यूल. "ऊर्जा उणे कशी असेल?" उधारी कशी उणे असते तशी. स्लॅबवर यायला एवढे भरावे लागतील, इतकाच अर्थ. आणि मोठी माणसं नेमकं हेच करतात, फक्त त्यांचा स्लॅब फार वर असतो. पृथ्वीपासून अनंत अंतरावर शून्य. त्या हिशेबाने आपण सगळे, टाउन हॉलसकट, उण्यात आहोत.

किती उण्यात? एका किलोला जी गुणिले पृथ्वीची त्रिज्या: ९.८ गुणिले ६४ लाख मीटर, म्हणजे सव्वासहा कोटी ज्यूल. वर जाताना जी कमी कमी होत जातो, तरी पृथ्वीच्या ओढीतून पुरतं सुटण्याचा खर्च येतो तो जी कायम ठेवून एका त्रिज्येएवढं वर चढण्याइतकाच. युनिटांत सतराहून थोडं जास्त. एक किलो साखर कायमची पृथ्वीबाहेर पाठवायला आमच्या बिल्डिंगच्या पंपाची चार-पाच दिवसांची वीज. हे ऐकून भाची म्हणाली, "एवढंच?" मलाही ते दर वेळी कमीच वाटतं. पण इंधनालाच सोबतचं इंधन उचलून न्यावं लागतं, म्हणून रॉकेट महाग पडतं. निव्वळ हिशेब मात्र सतराचाच. आणि हे सव्वासहा कोटी अर्धा एम व्ही स्क्वेअरच्या बरोबर ठेवले, एम उडवला, की व्ही येतो सेकंदाला ११.२ किलोमीटर. तोच मुक्तिवेग, जो मुलं पाठ करतात. स्लॅबवरून पडणाऱ्या नटाचं आणि याचं सूत्र एकच, दोन जी एच, फक्त एचच्या जागी पृथ्वीची त्रिज्या.

"मग परीक्षेत मी उणे लिहू?"

नको लिहूस, म्हटलं. नववीच्या पेपरात काही दिलं नसेल तर जमीन शून्य धर, उत्तरापुढे कंसात 'जमिनीपासून' एवढं लिही, जीची किंमत प्रश्नात १० दिली असेल तर ९.८ चा हट्ट धरू नकोस, आणि ज्यूल लिहायला विसरू नकोस, अर्धा गुण तिथेच जातो. पुढच्या वर्षी दहावीत गुरुत्वाकर्षण हा पहिलाच धडा आहे. तिथे मुक्तिवेग काढताना स्थितिज ऊर्जेमागे उणे चिन्ह छापलेलं असेल, ते छपाईची चूक समजून खोडायचं नाही.